गिरणीचा पंखा

इंजिनिअरकाका इंजिनिअर नव्हते, ही गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकलेली बरी. कारण पुढे ती पार्सलच्या कचेरीत, भर रांगेसमोर, खड्या आवाजात सांगितली जाणार आहे आणि तेव्हा वाचकांना धक्का बसू नये. काका पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत. अख्ख्या गावाच्या नळांना पाणी कुठून येतं आणि कुठे मुरतं हे त्यांना तोंडपाठ होतं. इमारतीत राहायला आले तेव्हा कुणीतरी त्यांना इंजिनिअर म्हटलं. काकांनी ते दुरुस्त केलं नाही. चांगल्या मनाने दिलेली वस्तू परत करू नये, असा त्यांचा स्वभाव होता. पुढे खऱ्या नावाची दारावरची पाटी पुसट झाली आणि काकू त्यांना 'अहो' म्हणत असल्यामुळे खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

काकांच्या मागच्या खोलीत एक संगणक होता. संगणक पुष्कळांकडे असतात, पण काकांचा होता त्याला घरात 'गिरणी' म्हणत. पिवळट पडलेलं भलंमोठं धूड, त्यावर खोल पोटाचा पडदा आणि मागे एक पंखा. हा पंखा सकाळी सुरू झाला की दळण पडल्यासारखी घरघर घरभर पसरायची. नव्याने आलेली कामवाली पहिल्या दिवशी दळणाचा डबा घेऊन त्या खोलीत गेली होती, असं काकू सांगतात. काकांना ते मान्य नाही.

आता एवढं जुनं धूड ठेवायचंच कशाला? तर या गिरणीत काका शब्दकोडी दळत. एका साप्ताहिकाला दर आठवड्याला ते एक कोडं देत. कोड्याचे चौकोन जुळवणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः, ऐन उमेदीत, दोन उन्हाळे खपून लिहिला होता आणि तो फक्त याच यंत्रावर चालायचा. मुलाने एकदा तो नव्या संगणकावर चढवून बघितला. नव्या संगणकाला तो उघडता आला नाही. काकांच्या मते त्याला तो झेपला नाही. काही असो, गिरणी गेली की कोडं गेलं, आणि कोडं गेलं की काका म्हणजे नुसते एक निवृत्त गृहस्थ. नोकरी सुटली तेव्हा काका आठवडाभर खिडकीत उभे राहून रस्ता बघत होते. तो आठवडा त्यांना पुन्हा नको होता. हे ते कुणाला बोलले नव्हते, पण खरं होतं.

अशा वेळी काकूंची धाकटी बहीण डोळ्याचं ऑपरेशन करून विश्रांतीला येणार असं ठरलं आणि झोपायला मागची खोली सोडून दुसरी जागा नव्हती.

"रविवारी येतेय धाकटी," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलंय. तोवर एकतर ती घरघर थांबवा, नाहीतर गिरणी भंगारात द्या. मी आता तिसरं काही ऐकून घेणार नाही."

"अगं, पंख्याचा तर प्रश्न आहे," काका म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम."

हेच वाक्य काकूंनी न्हाणीघराच्या नळाच्या वेळी ऐकलं होतं. त्यानंतर खालच्या मजल्यावरच्या लोकांना छताला नवा रंग द्यावा लागला होता.

काकांनी गिरणीची वायर काढली, झाकण उघडलं आणि आत डोकावले. आत धुळीची अशी साय जमली होती की नेमका पंखा कुठे संपतो आणि बाकीचा संगणक कुठे सुरू होतो ते कळेना. झाकणाचा खणखणाट ऐकून समोरच्या फ्लॅटमधल्या दंतवैद्यबाई आल्या. येताना त्या दातांत बघायचा चिमुकला आरसा घेऊनच आल्या. त्यांनी आरसा आत घातला, पंख्याचं पातं बोटाने हलवलं आणि गंभीर झाल्या.

"दुखणं कधीपासून आहे?"

"दुखत नाही हो, आवाज करतो."

"मुळातून हललाय, काका. आज ना उद्या काढावाच लागेल. तोवर थेंबभर तेल सोडा. पण थेंबभरच हं."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे वकील उतरले. या घरघरीबद्दल आपण आजवर तक्रार केली नाही याचा अर्थ आपला हक्क संपला असा होत नाही, एवढं त्यांनी प्रथम स्पष्ट केलं. मग खुर्ची ओढून बसले आणि पुढचा सगळा कार्यक्रम फुकटात बघितला.

काकूंच्या शिवणाच्या मशीनचं तेल काकांनी आणलं. थेंब म्हणजे किती, याबद्दल वैद्यकशास्त्र आणि पाणीपुरवठा खातं यांचे हिशेब वेगळे असतात. काकांनी पंख्याच्या पोटावरचा कागद उचकटला आणि सढळ हाताने तेल ओतलं. मग वायर लावली, बटण दाबलं आणि काय आश्चर्य! पंखा गुपचूप फिरू लागला. काकांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघितलं. वकिलांनीसुद्धा मान डोलावली.

पुढच्याच मिनिटाला भिंतीवर कमरेच्या उंचीला तेलाची एक सुरेख रेघ उमटली. ती रेघ कॅलेंडरावरून वकिलांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली आणि तिथून पडद्यावर. तेल संपलं तशी घरघर परत आली. पण आता गिरणीला खोकला झाल्यासारखा वाटत होता.

"हा सदरा," वकील उठत म्हणाले, "मी पुरावा म्हणून धुणार नाही."

आता नवा पंखा आणणं आलं. बाजारातल्या दुकानदाराने काकांच्या यंत्राचं वर्णन ऐकून आपल्या वडिलांना आतून बोलावलं, वडिलांनी ते डोळे मिटून ऐकलं आणि "आमच्या वेळी होती खरी अशी," म्हणून परत आत गेले. तेव्हा पंखा मागवायचं ठरलं दंतवैद्यबाईंच्या फोनवरून.

"माप काय आहे?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न काकांना विचारायला नको होता. उभी हयात मापात गेलेला माणूस. त्यांनी जुन्या पेटीतून आपली पोलादी पट्टी काढली, भिंग लावलं, पंख्याच्या कोपऱ्यातल्या स्क्रूच्या दोन भोकांवर पट्टी ठेवली आणि केसाइतका फरक न पडता माप घेतलं. ते घेतलं एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत, कारण नकाशात अंतर मध्यापासून मध्यापर्यंतच घेतात. विहिरीपासून टाकीपर्यंत, टाकीपासून चौकापर्यंत, सगळं मध्य ते मध्य. पंखेवाले मात्र पंखा कडेपासून कडेपर्यंत मोजतात. पंखेवाल्यांनी कधी जलवाहिनी टाकलेली नसते, त्याला काका काय करणार?

पार्सल दोन दिवसांत आलं, पण घरी नाही, कचेरीत. खिडकीमागच्या बाईंनी खोका हातात धरून काकांचं ओळखपत्र बघितलं, खोका बघितला, परत ओळखपत्र बघितलं.

"हे तुमचं नाही."

"माझंच आहे. आत पंखा आहे."

"आत काय आहे ते आम्ही बघत नाही. वर नाव आहे 'इंजिनिअरकाका'. तुमच्या ओळखपत्रावर कुठे आहे इंजिनिअरकाका?"

दंतवैद्यबाईंच्या फोनमध्ये काकांचं जे नाव होतं तेच त्यांनी मागणीत घातलं होतं. दुसरं नाव त्यांना माहीतच नव्हतं. काकांनी घसा साफ केला. आपल्याला लोक प्रेमाने तसं म्हणतात असं सांगितलं.

"मग इंजिनिअरची पदवी दाखवा."

मागे रांग होती आणि रांगेला ऐकू येत होतं.

"नाहीतर तुम्हाला ओळखणारा कुणीतरी जबाबदार माणूस आणा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खोका अशा ठिकाणी ठेवला की तो काकांना दिसेल पण मिळणार नाही.

जबाबदार माणूस म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. सेक्रेटरी झाल्यापासून आपल्याला कुणीतरी अधिकृतपणे कुठेतरी बोलवावं अशी त्यांची फार इच्छा होती. ते इस्त्रीचे कपडे घालून आले आणि खिडकीसमोर उभे राहून सभेत बोलावं तसे बोलले, "मी सेक्रेटरी. या गृहस्थांना मी वीस वर्षं ओळखतो. हे इंजिनिअर नाहीत. कधीच नव्हते. आम्ही नुसतं म्हणतो."

रांगेत कुणीतरी हसलं. एक म्हातारेबुवा सहानुभूतीने म्हणाले, "असू दे हो. आमचे जावई पण नाहीत." काकांनी खोका काखेत मारला आणि मान ताठ ठेवून बाहेर पडले. मान ताठ ठेवणं त्यांना जमायचं. नोकरीत तीन बदल्या त्यांनी याच मानेवर निभावल्या होत्या.

घरी येऊन पंखा बसवायला गेले, तर तो जुन्या पंख्याच्या जागेत खुळखुळ्यासारखा वाजू लागला. चारही बाजूंनी ऐसपैस जागा उरली होती.

"लहान पाठवला!" काका गरजले. "लोकांना साधं माप कळत नाही!"

दंतवैद्यबाईंनी फोनवरचं चित्र दाखवलं. चित्रातल्या पंख्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ होती. काकांनी ती रेघ भिंगातून बघितली.

"पद्धत चुकीची आहे त्यांची," ते शेवटी म्हणाले. "पण आता त्यांच्याच पद्धतीने मागवा. आपण मोठेपणा घेऊ."

दुसऱ्या मागणीतही फोनने आपण होऊन जुनंच नाव घातलं. काका जिना उतरले तेव्हा सेक्रेटरी इस्त्रीचे कपडे घालून खाली उभेच होते. कचेरीत या खेपेला त्यांनी भाषणात थोडी भर घातली. "मात्र नकाशे उत्तम काढतात," असंही म्हणाले. काकांना ते आवडलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

शनिवार उजाडला. काकूंनी मागच्या खोलीतल्या पलंगावर धाकटीसाठी नवी कोरी पांढरी चादर अंथरली आणि त्याच वेळी काका नवा पंखा घेऊन आत शिरले. पंखा चपखल बसला. आता एकच प्रश्न राहिला होता, वारा आत घ्यायचा की बाहेर टाकायचा? मत द्यायला वकील हजर होते. या खेपेला ते रेनकोट घालून आले होते.

"गरम झालेल्या माणसाला आपण वारा घालतो. वारा त्याच्या अंगावर जायला हवा. म्हणजे आत," वकील म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "अर्थात दुसऱ्या बाजूने उभा असतो तर मी बाहेर म्हटलं असतं आणि तेही सिद्ध केलं असतं."

"पण पंख्यावर बाण आहे ना बारीकसा?" काकूंनी विचारलं.

"बाण ते कारखान्याच्या सोयीसाठी काढतात," काकांनी ठामपणे सांगितलं आणि पंखा आत तोंड करून लावला.

बटण दाबलं. नवा पंखा दमदार निघाला. त्याने मागून वारा कोंबला आणि वर्षानुवर्षांची धुळीची साय पुढून, फ्लॉपीच्या फटीतून बाहेर काढली. आधी एक करडं टोपडं बाहेर आलं, मग त्याचा ढग झाला. ढग सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा, पांढऱ्या चादरीवर उतरला. वकिलांनी रेनकोटची टोपी झटकली.

काकूंनी चादरीकडे बघितलं, काकांकडे बघितलं. "भंगारवाला संध्याकाळी गल्लीत येतो," एवढंच त्या म्हणाल्या. आवाज चढवला असता तर काकांना बरं वाटलं असतं. मग त्यांनी चादर चारी कोपरे धरून उचलली आणि निघून गेल्या.

खिडकीतला तो आठवडा काकांच्या डोळ्यांपुढे आला. त्यांनी वकिलांना हाताला धरून बाहेर काढलं, डोकावायला आलेल्या दंतवैद्यबाईंच्या तोंडावर दार लोटलं आणि जन्मात पहिल्यांदा कुणाचाही सल्ला न घेता, स्वतःचासुद्धा न घेता, बाण बघून पंखा उलटा बसवला.

बटण दाबलं. काहीच झालं नाही.

म्हणजे काकांना तसं वाटलं. पडदा उजळला, प्रोग्रॅम उघडला, पण आवाज नाही. पंखा बंदच आहे असं समजून त्यांनी मागे कागदाची पट्टी धरली, तर ती फडफडली. पंखा चालू होता आणि घरात चिडीचूप होतं. काकूंना बोलवून त्यांनी पट्टी दाखवली. काकूंनी दोनदा कान लावून खात्री केली.

"जमलं की हो," त्या म्हणाल्या.

"अर्ध्या तासाचं काम," काका म्हणाले.

भंगारवाला संध्याकाळी हाळी देत आला आणि तसाच पुढे गेला. रविवारी धाकटी काळा चष्मा लावून आली. रात्री ती त्या खोलीत झोपायची आणि दिवसा स्वयंपाकघरात बहिणीजवळ येऊन बसायची. खोली काकांना आणि गिरणीला मोकळी असायची. सगळं कसं छान जमून आलं होतं.

सोमवारी साप्ताहिक आलं. त्यातलं कोडं काकांचा मानबिंदू होतं. बरोबर मधोमध त्यांनी 'वातकुक्कुट' बसवला होता, आणि ओळखायला खूण दिली होती: 'छपरावर उभा, वाऱ्याकडे तोंड.' याला वाचकांच्या तोंडचं पाणी पळणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. काकूंचंही पळायचंच. दर सोमवारी चारच्या चहाला त्या अंक घेऊन येत, "अहो, हे काही सुचत नाही बाई," म्हणत आणि काका खुर्चीत मागे रेलून, घरचं माणूस म्हणून, थोडीशी खूण वाढवून देत. आठवड्यातली ही त्यांची सगळ्यात आवडती वेळ होती.

दुपारी काका पुढच्या आठवड्याचं कोडं जुळवत बसले होते. घर शांत होतं. आणि शांत घरात स्वयंपाकघरातला आवाज सरळ मागच्या खोलीत येतो, ही गोष्ट काकांना पहिल्यांदाच कळत होती.

"अगं, झालंसुद्धा तुझं?" धाकटी विचारत होती. "भाजी निवडता निवडता?"

"त्यात काय आहे? 'छपरावर उभा, वाऱ्याकडे तोंड'. वातकुक्कुट. दुसरं काय असणार? शाळेच्या पुस्तकात चित्र होतं."

काकांचा हात हवेतच राहिला.

"मग चहाला त्यांना कशाला विचारतेस?"

"विचारलं नाही तर दिवसभर तोंड पाडून बसतात. एकदा नव्हतं विचारलं, तर जेवले नाहीत धड." काकू हसल्या. "नोकरी सुटली तेव्हा बघितलंय ना मी त्यांना, खिडकीत उभे राहायचे ते. तेव्हाच ठरवलं. माझं काय जातंय? दोन वाक्यं विचारायची."

काका गेली कित्येक वर्षं, दर सोमवारी, ज्या थाटात मागे रेलत होते ते सगळे सोमवार त्यांच्यासमोरून एकामागून एक गेले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पार्सलच्या रांगेत झाल्या होत्या त्याहून जास्त. उठून आत जावं आणि काहीतरी बाणेदार बोलावं असं वाटलं. काय बोलावं ते सुचेपर्यंत काकू पुन्हा बोलू लागल्या होत्या.

"पण एक सांगू? ती घरघर बंद झाली आणि मला चुकल्यासारखं होतंय. आवाज असला की कळायचं, हे आहेत, बरे आहेत. आता काही ऐकू येत नाही आणि उगीच धस्स होतं छातीत. सकाळपासून चारदा उठून दाराशी जाऊन बघून आले. दिसू नये म्हणून हातात झाडू घेऊन गेले."

काकांना आठवलं, आज काकू फार वेळा झाडत होत्या खऱ्या.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आपल्याला धुळीची ॲलर्जी आहे असं त्यांनी स्वतःला ठामपणे सांगितलं. मग उठले, कपाटावरचा जुना तेलकट पंखा काढला आणि गिरणीतून एक जास्तीची वायर बाहेर लोंबत होती तिला तो जोडला. पंखा कशालाच वारा घालत नव्हता. टेबलावर उताणा पडून नुसता थयथयाट करत होता आणि पहिल्यासारखीच दणदणीत घरघर करत होता. स्वयंपाकघरातलं बोलणं त्यात बुडून गेलं.

काकू दारात आल्या. या खेपेला झाडू विसरल्या होत्या.

"परत सुरू झाली?" त्या आवाज चढवून म्हणाल्या.

"नवा पंखा आहे!" काकाही ओरडले. "बसायला वेळ लागतो! रात्री बंद ठेवीन, धाकटीला त्रास नको!"

काकूंनी टेबलावर उघड्यावर नाचत असलेल्या जुन्या पंख्याकडे बघितलं. मग काकांकडे बघितलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या अजून लाल होत्या. काकू आत गेल्या.

चार वाजता त्या चहा आणि अंक घेऊन आल्या, शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि अंक काकांपुढे धरला.

"अहो, हे मधलं काही सुचत नाही बाई. 'छपरावर उभा, वाऱ्याकडे तोंड.' पाच अक्षरी."

मधल्या चौकोनांवर त्यांनी अंगठा ठेवला होता. अंगठ्याच्या एका बाजूने 'वा' आणि दुसऱ्या बाजूने 'ट' पेन्सिलीत स्वच्छ दिसत होता. काकांनी तो अंगठा नीट बघितला. मग चहाचा कप उचलला, खुर्चीत मागे रेलले आणि घरघरीच्या वर आवाज काढून म्हणाले,

"विचार कर, विचार कर. कठीण आहे ते."